कॅन्सरच्या उपचारात तोंड येणे : पिंपरीतून गेलेला एक इतिहास

"डॉक्टर, तोंड आलंय," अशी तक्रार घेऊन रोज कोणी ना कोणी येतेच. जागरण, रात्रपाळी, तंबाखू-चुना, जीवनसत्त्वांची कमतरता अशी कारणे निघतात आणि बहुतेकांचे तोंड आठवडा-दोन आठवड्यांत बरे होते. म्हणूनच घरातल्या कॅन्सर रुग्णाचे तोंड आले, तरी "उष्णता वाढली असेल" असे म्हणून बी कॉम्प्लेक्सची गोळी दिली जाते. पण हे दुखणे वेगळे आहे. किमोथेरपीमुळे किंवा तोंड-घशावर दिलेल्या रेडिएशनमुळे तोंडाचे आतले अस्तरच सोलवटते. याला ओरल म्युकोसायटिस म्हणतात.

प्रश्न फक्त वेदनेचा नाही. घास गिळता येत नाही, वजन उतरते आणि कंटाळून रुग्ण रेडिएशन मध्येच थांबवतो. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये ठरलेला उपचार एक दिवस लांबला, तर गाठ आटोक्यात येण्याची शक्यता अंदाजे एक टक्क्याने घटते. म्हणजे तोंडाची काळजी हा कॅन्सरच्या उपचाराचाच भाग आहे. वैद्यकशास्त्राला हे उमगायलाही बराच काळ लागला.

औषधाइतकाच जुना त्रास

१९४८ मध्ये बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांवर अमिनोप्टेरिन वापरल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. हे औषध तयार करण्यामागे आंध्रातून अमेरिकेत गेलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेचे काम होते. मुलांना तात्पुरता का होईना, आराम पडला. पण त्याच अहवालात तोंडात जखमा झाल्याचीही नोंद आहे. किमोथेरपीच्या जन्मापासूनच हा त्रास तिच्या सोबत आहे.

कारण सोपे आहे. ही औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशी मारतात. तोंडाचे अस्तर एक-दोन आठवड्यांत नवे होत असते, त्यामुळे तेही तडाख्यात सापडते. बरीच वर्षे डॉक्टर याला "औषधाने भाजले" इतकेच समजत. १९९८ मध्ये स्टीफन सोनिस यांनी मांडले की ही टप्प्याटप्प्याने घडणारी प्रक्रिया आहे : आधी दाह, मग जखम, जखमेवर जंतूंची वाढ आणि शेवटी भरून येणे. पुढे हेही कळले की सुरुवात अस्तराच्या खालच्या थरातच होते. टप्पे कळले, तसे प्रत्येक टप्प्यावर काय करता येईल याचा विचार सुरू झाला.

पिंपरीच्या नावाचा जंतू

प्रतिकारशक्ती घटलेली आणि लाळ आटलेली असली की जखमांच्या जोडीला कॅन्डिडा नावाची बुरशी वाढते. जिभेवर, गालाच्या आत दह्यासारखा पांढरा थर दिसतो आणि आग वाढते. या बुरशीवर १९५० पर्यंत नेमके औषध नव्हते. त्या वर्षी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य प्रयोगशाळेतील एलिझाबेथ हेझन आणि रॅचेल ब्राऊन यांनी मातीतल्या जंतूपासून नायस्टॅटिन शोधल्याचे जाहीर केले.

पुढचा टप्पा आपल्या शहरातला आहे. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे आपली "एचए कंपनी", १९५४ मध्ये स्थापन झाली. तिची ओळख पेनिसिलिनची. पण तिथल्या संशोधन विभागात डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि सहकारी मातीतले जंतू तपासत होते. त्यातून १९६१ च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध पुढे आले. ते ज्या जंतूपासून मिळाले, त्याचे नाव ठेवले स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. कॅन्डिडाच्या संसर्गावर हॅमायसिन वरून लावण्यासाठी वापरले गेले.

या गटातली औषधे बुरशीच्या आवरणातील अर्गोस्टेरॉल या घटकाला चिकटतात आणि आवरणाला छिद्रे पाडतात. आपल्या पेशींत त्या जागी कोलेस्टेरॉल असते, म्हणून बुरशी मरते आणि अस्तर बऱ्याच अंशी वाचते. या इतिहासातून रुग्णाने एक गोष्ट घ्यावी : पांढरा थर दिसला तर तो खरवडू नका, डॉक्टरांना दाखवा. त्याचे औषध वेगळे आहे आणि ते लवकर लागू पडते.

बर्फ आणि लाल प्रकाश

१९९१ मध्ये अमेरिकेत एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. फ्लुरोयुरासिलचे इंजेक्शन देण्याच्या पाच मिनिटे आधीपासून अर्धा तास बर्फाचे तुकडे तोंडात धरले, तर जखमा कमी होतात. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि अस्तरापर्यंत औषध कमी पोहोचते. मात्र हा उपाय ठरावीक औषधांनाच लागू आहे. ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असेल तर थंड पदार्थांनीच त्रास होतो. त्यामुळे आधी विचारा.

१९६७ मध्ये बुडापेस्टच्या एन्द्रे मेस्टर यांना मंद लेझर दिलेल्या उंदरांचे केस लवकर वाढलेले दिसले. त्यातून जखमांवर लेझर वापरण्याची कल्पना निघाली. मणिपालच्या डॉक्टरांनी तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर त्याची चाचणी घेतली आणि २०१२ मध्ये गंभीर जखमा कमी झाल्याचे दाखवले. आज ठरावीक रुग्णांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत हा उपचार आहे.

वेदनाशामकाची अडलेली वाट

तीव्र वेदनेत मॉर्फिन लागू शकते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर अनेक परवान्यांच्या जंजाळामुळे रुग्णालये ते ठेवायलाच कचरू लागली. २०१४ च्या दुरुस्तीने ही वाट सोपी केली. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र कॅन्सर रुग्णांना विनामूल्य सेवा देते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेले मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे आणि "आता शेवट आला" असा त्याचा अर्थही नव्हे.

तुम्ही काय कराल?

- उपचार सुरू होण्यापूर्वी दात तपासून घ्या. तंबाखू, मिश्री, गुटखा पूर्ण बंद.
- एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरा. मऊ ब्रश वापरा. अल्कोहोल असलेले माउथवॉश टाळा.
- रेडिएशन चालू असेल तर बेन्झिडामिनच्या गुळण्यांबद्दल विचारा.
- मऊ भात, खिमट, ताक, गार दूध घ्या. तिखट, आंबट, कडक भाकरी काही आठवडे नको.
- हळदीच्या गुळण्यांचा फायदा मंगळुरूच्या एका लहान अभ्यासात दिसला आहे. पण त्या औषधाऐवजी नव्हेत, आणि डॉक्टरांना सांगूनच करा.
- किमोथेरपी चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, पाणीही गिळता येईना किंवा तोंडातून रक्त आले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आपल्याकडे रुग्ण "एवढं तर सोसायलाच हवं" म्हणून गप्प राहतात. पंचाहत्तर वर्षांत एवढे उपाय शोधले गेले ते सोसावे लागू नये म्हणूनच. तेव्हा पुढच्या तपासणीला गेलात की आधी तोंड उघडून दाखवा, आणि दुखते आहे हे स्पष्ट सांगा.