दाणा आणि काड : गव्हाच्या उंचीचा इतिहास

आज आपण एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. १९६५ साली भारतात गव्हाचं उत्पादन साधारण १ कोटी २० लाख टन होतं. पाच वर्षांनी, १९७० मध्ये, ते २ कोटी टनांपर्यंत पोचलं. हा जास्तीचा गहू आला कुठून? खत, पाणी, नवीन बियाणं ही उत्तरं आपण शाळेत पाठ केलेली आहेत, आणि ती बरोबरच आहेत. पण रोपाच्या आत नेमकं काय बदललं, हे त्यातून कळत नाही. ते कळल्याशिवाय उत्पन्न पुढे कुठपर्यंत वाढेल, हेही कळणार नाही.

तर आधी जपानमध्ये जाऊ. तिथे १९३५ साली गोंजिरो इनाझुका यांनी ‘नोरिन १०’ नावाचा गहू तयार केला. जपानमधल्या ‘दारुमा’ या बुटक्या वाणाचा संकर अमेरिकी गव्हांशी करून तो मिळाला होता. उंची जेमतेम दोन फूट. महायुद्ध संपल्यावर सेसिल सॅल्मन या अमेरिकी कृषितज्ज्ञाच्या तो नजरेस पडला आणि १९४६ मध्ये त्याचं बी अमेरिकेत गेलं. वॉशिंग्टन राज्यात ऑर्व्हिल व्होगेल यांनी त्याचे संकर केले, तिथून ते मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे पोचले आणि पुढे एम. एस. स्वामिनाथन व इतर संशोधकांच्या प्रयत्नांतून भारतात आले. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बियाणं आणलं.

आता बघा, बुटक्या गव्हाची एवढी गरज का पडली? जुना गहू उंच. त्याला भरपूर नत्र दिलं की तो आणखी उंच व्हायचा, ओंबी जड व्हायची आणि वाऱ्या-पावसात पीक लोळायचं. म्हणजे खत होतं, पण ते पेलणारं रोप नव्हतं.

याचं जीवशास्त्र पुष्कळ नंतर उलगडलं. जिबरेलिन हे संप्रेरक रोपाला उंच करतं. रोपात वाढीला लगाम घालणारी काही प्रथिनं असतात. जिबरेलिन आलं की ती मोडतात आणि खोड वाढतं. नोरिन १० मधल्या जनुकांमुळे हा लगाम मोडतच नाही. १९९९ साली ब्रिटिश संशोधकांनी हे जनुक वेगळं काढून दाखवलं. गव्हात खोड वाढण्याचा आणि ओंबी घडण्याचा काळ एकमेकांवर येतो. खोडाने कमी साखर घेतली की ओंबीला जास्त मिळते, जास्त फुलं टिकतात, जास्त दाणे धरतात.

म्हणजे काय झालं? रोपाची कमाई फारशी वाढली नाही, तिची वाटणी बदलली. कापणीच्या वेळी रोपाचं जमिनीवरचं जे वजन असतं, त्यातल्या दाण्याच्या वाट्याला ‘कापणी निर्देशांक’ म्हणतात. १९८० साली केंब्रिजच्या संशोधकांनी जुने आणि नवे गहू शेजारी शेजारी लावून पाहिले. एकूण वजन जवळपास सारखंच भरलं. दाण्याचा वाटा मात्र साधारण ३५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांपर्यंत गेला होता. तो फार तर ६२ टक्क्यांपर्यंत जाऊ शकेल, असा त्यांचा अंदाज होता. शेवटी पानं आणि खोड हवंच ना, नाहीतर ओंबी उभी कशावर राहणार?

मग कमाईच वाढवायची तर? तिथेही मर्यादा आहे. गहू आणि भात यांत हवेतला कार्बन पकडणारं रुबिस्को हे विकर अधूनमधून चुकून ऑक्सिजन पकडतं. हवा तापली की ही चूक वाढते. ऊस, मका, ज्वारी, बाजरी यांनी यावर तोड काढली आहे. ती रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइड दाटून ठेवतात. १९६६ मध्ये हॅच आणि स्लॅक यांनी ऑस्ट्रेलियात उसावर काम करून हा मार्ग मांडला. तरी हिशेब असा, की गव्हासारख्या पिकाला सूर्यप्रकाशातली फार तर ४.६ टक्के ऊर्जा साठवता येते आणि ज्वारीसारख्याला ६ टक्के. शेतात प्रत्यक्षात याहून पुष्कळ कमी हाती लागते.

आता आपल्याकडे येऊ. वाटणी बदलली तेव्हा ज्याचा वाटा कमी झाला, ते काड काय फुकट जात होतं? ज्वारीचं उदाहरण घ्या. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा भारतातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. बुटका, दाण्याला चांगला. खरिपात संकरित ज्वारी पसरली. पण सोलापूरकडच्या रब्बीत शेतकऱ्यांनी १९३० च्या दशकात मोहोळला निवडलेली उंच मालदांडी सोडली नाही. ती जमिनीतल्या साठलेल्या ओलीवर येते आणि कडबा देते. ज्याच्या दावणीला बैल आहेत, त्याच्यासाठी कडबा हे अर्धं पीक असतं. त्याला मागासलेपणा म्हणणं सोपं होतं. पण तो शेतकरी रोपाचा पूर्ण हिशेब मांडत होता. आपण फक्त दाणा मोजत होतो.

हाच हिशेब तूर-हरभऱ्याला लावा. ही पिकं मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंना साखर देतात आणि बदल्यात नत्र घेतात. शिवाय प्रथिन घडवायला पिष्टापेक्षा जास्त साखर लागते. त्यामुळे तुरीचे क्विंटल गव्हापेक्षा कमीच भरणार. ‘उत्पन्न कमी’ म्हणून तिला नावं ठेवताना हा खर्च आपण धरत नाही.

हरित क्रांतीने भूक भागवली, हे विसरून चालणार नाही. पण ती वाटणी एकदाच इतकी बदलता येत होती. यापुढे कुणी ‘उत्पन्न दुप्पट’ म्हटलं, की आपण एवढं जरूर विचारावं : कुणाच्या वाट्यातून? काडातून, मुळांतून, की जमिनीतून? जमिनीतून घेणार असू, तर काड, शेण, कडधान्याचा फेर यांतून तिला परत काय देणार, हेही त्याच वहीत लिहावं लागेल.