गोव्यात पहिली मालमत्ता घेताना

भाड्याने देण्यासाठी गोव्यात घर अथवा भूखंड घेऊ इच्छिणाऱ्याने दर ठरविण्याआधी मालकी तपासावी. एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव एकच असले, तरी मालक एकच असतो असे नव्हे.

जोडीदाराची संमती : १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या व्यवस्थेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसल्यास पती-पत्नीची मालमत्ता सामायिक ठरते. म्हणून विक्रीखतावर दोघांच्याही सह्या असाव्यात.

वारस : मूळ मालक हयात नसल्यास वारसांची निश्चिती व वाटणी कायदेशीररीत्या झाली आहे का, हे पाहावे. परदेशी स्थायिक झालेल्या एका वारसाची सही राहून गेली, तरी पुढे दावा उभा राहू शकतो.

मुंडकार व कूळ : जागेवर घर असल्यास त्यात कोण व कोणत्या नात्याने राहतो, याची प्रत्यक्ष चौकशी करावी. मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने बेदखलीपासून संरक्षण दिले आहे. भाटकार बदलला म्हणून ते संपत नाही.

भातशेती : भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आहेत.

भाडेकरार : एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी अनिवार्य आहे. पर्यटकांना घर द्यायचे असल्यास पर्यटन खात्याकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते.

विसार देण्यापूर्वी ही सर्व कागदपत्रे स्थानिक वकिलाकडून तपासून घ्यावीत. विक्रेत्याच्या वकिलावर विसंबू नये.