बाळ बोलत नाही. पण त्याला ऐकू येते का?

सेरेब्रल पाल्सी असलेले मूल दोन वर्षांचे होऊनही बोलत नाही, तेव्हा घरच्यांच्या मनात कारण ठरलेले असते. मान सावरत नाही, बसता येत नाही, मग बोलणे कुठून येणार? या समजुतीत कानांची तपासणी राहून जाते.

बोलण्यासाठी ओठ, जीभ, जबडा आणि श्वास यांचा मेळ जमावा लागतो. सेरेब्रल पाल्सीत तो विस्कटतो. अशा सुमारे चारपैकी एका मुलाला बोलता येत नाही. मात्र त्यांतील अनेकांना बोललेले कळते. श्रवणदोषाची गोष्ट वेगळी. सुमारे २५ पैकी एका मुलात तो तीव्र स्वरूपाचा असतो.

जन्मानंतरची तीव्र कावीळ हे त्याचे एक कारण. रक्तातील बिलिरुबिन फार वाढल्यास मेंदूतील हालचालींचे नियंत्रण करणारी केंद्रे आणि श्रवणाचे मज्जामार्ग, दोन्हींना इजा होते. आतल्या कानातील केशपेशी मात्र बहुधा शाबूत राहतात. नवजात बाळांची ‘ओएई’ चाचणी या पेशींचाच प्रतिसाद मोजते. साहजिकच अहवाल ‘पास’ येतो आणि पालक निर्धास्त होतात. दोष पुढे, मज्जातंतूत असतो. तो ‘बेरा’ चाचणीत कळतो. म्हणून तीव्र कावीळ झालेल्या किंवा जन्मतः बरेच दिवस काचेच्या पेटीत राहिलेल्या बाळाची ‘बेरा’ आवर्जून करून घ्यावी. ताट वाजवून पाहण्याची घरगुती परीक्षा तर येथे अगदीच फसवी ठरते. ज्याची मान वळत नाही, ते ऐकूनही वळणार नाही.

चाळणी चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्याच्या आत, असा दंडक आहे. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था १९८३ पासून कार्यरत आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे.

श्रवणयंत्र लागले तरी बोलणे लगेच सुरू होत नाही. तोवर चित्रफलक, खुणा किंवा नजरेने वस्तू दाखवणे यांचा आधार घेतात. ‘याने मूल बोलायचा आळस करेल’ ही भीती अनाठायी आहे. या साधनांमुळे बोलणे मागे पडत नाही. प्रश्न विचारल्यावर मात्र थांबावे लागते. नजर दुधाच्या चित्रावर न्यायलाही या मुलांना वेळ लागतो आणि तेवढ्यात आई पेला पुढे करून मोकळी झालेली असते.