पानाची कुळकथा

आमच्या देवघराच्या फडताळात लाल रुमालात बांधलेली ‘शिवलीलामृता’ची पोथी आहे. श्रावणी सोमवारी आई ती सोडते. गाठ उकलायची, वरची लाकडी पाटी बाजूला ठेवायची आणि एकेक आडवं, सुटं पान वाचून झालं की पालथं घालायचं. लहानपणी मला ती हाताने लिहिलेली वाटायची. अक्षरं नीट न्याहाळता यायला लागली तेव्हा कळलं, की ती छापलेली आहे. मग प्रश्न पडला. छापखान्यातून आलेल्या पुस्तकाला शिवण का नाही? पानं सुटी का, आणि आडवी का?

त्याच फडताळाच्या खालच्या कप्प्यात आता आईचं ई-रीडर असतं. मोतीबिंदूमुळे तिचं वाचन जवळपास थांबलं होतं. या यंत्रावर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, म्हणून ते पुन्हा सुरू झालं. त्यात कागदाचा कपटाही नाही. तरी जेवायला हाक मारली की ती म्हणते, “एवढं पान संपवते आणि येते.”

पोथी छापील असून हस्तलिखितासारखी दिसते आणि यंत्रात कागद नसूनही पान आहे. पुस्तक छापील घ्यावं की ई-बुक, हा प्रश्न घरोघरी निघतो तेव्हा बोलणं कागदाचा वास, हातातलं वजन आणि किंमत यांच्यापाशी थांबतं. या प्रश्नाची मुळं फार मागे गेलेली आहेत. पानाच्या कुळात थोडं मागे गेलं, की निवड कशाची करायची आहे ते स्पष्ट दिसू लागतं.

पान म्हणजे मुळात झाडाचंच पान. ताडाचं पान लांबट आणि अरुंद, म्हणून ओळी त्याच्या लांबीच्या दिशेने धावल्या. मधे भोक पाडून त्यातून दोरी ओवायची, की पानांचा गठ्ठा एकत्र राही. पुढे कागद आला. दख्खनमध्ये दौलताबाद आणि जुन्नरचा कागद नावाजलेला होता. कागद हव्या त्या आकारात कापता येतो, पण लिहिणाऱ्यांनी तो ताडपत्रासारखाच आडवा कापला. जैन हस्तलिखितांत तर पानाच्या मधोमध चौकट कोरी सोडलेली दिसते, आणि पुष्कळदा ती रंगवून सजवलेली असते. दोरी गेली, भोकही गेलं, पण त्याची जागा राहिली. नाळ तुटली तरी बेंबी राहते, तसं.

आडवं पान हा एकच घाट होता असं मात्र नाही. कीर्तनकार, शाहीर आणि अभंग उतरवून घेणारे वारकरी शिवलेली वही बाळगत. तिला बाड म्हणत. ते काखेत मारून गावोगाव हिंडता येई. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी तर सोळाव्या-सतराव्या शतकाच्या संधीला कापडावर ग्रंथ लिहिला. ती पासोडी सुमारे ४० फूट लांब आहे. उलटायला पानच नाही, नुसतं उलगडत जायचं. मोबाइलच्या पडद्यावर अंगठ्याने मजकूर वर सरकवताना मला तिची आठवण होते.

घाट कुठलाही असो, प्रत हातानेच व्हायची. घोटलेला कागद, काजळाची शाई, बोरू आणि महिनोन् महिने मोडलेली पाठ. चूक झाली तर त्या अक्षरांवर पिवळ्या हरताळाचा लेप द्यायचा. ‘हरताळ फासणे’ हा शब्दप्रयोग तिथूनच आपल्या बोलण्यात आला. तो लेप उघड दिसत असे. इथे काहीतरी होतं आणि ते पुसलं, हे वाचणाऱ्याला कळे. लेखन संपलं की शेवटच्या पानावर लेखनिक आपलं नाव, गाव, तिथी लिही आणि पुष्कळदा एक विनवणीही. पोथीला तेल-पाण्यापासून जपा, बांधणी सैल होऊ देऊ नका आणि अडाण्याच्या हाती तिला देऊ नका.

त्या विनवणीतला शेवटचा भाग मात्र बोचतो. अडाणी कोण, हे ठरवणारे हात मोजके होते. स्त्रिया आणि शूद्र-अतिशूद्र मानले गेलेले समाज यांना पोथीपासून दूर ठेवण्यात आलं. ग्रंथ कुलपात ठेवण्याची कारणं इतरही होती. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. त्यामुळे मराठी गद्याचा पाया घालणारं ‘लीळाचरित्र’ कित्येक शतकं पंथाबाहेरच्या वाचकांना वाचता आलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी त्या लिप्यांची किल्ली शोधली, तेव्हा कुठे हे दालन उघडलं.

छपाईचं यंत्र आपल्या किनाऱ्यावर फार लवकर उतरलं होतं. १५५६ साली ते गोव्यात आलं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापलं गेलं. ओव्या मराठी होत्या, लिपी मात्र रोमी. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच बंदी घातली. आज या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. ‘क्रिस्तपुराण’ आपल्यापर्यंत पोहोचलं ते हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे. छापलेलं हरवलं आणि लिहिलेलं उरलं. पानाच्या सगळ्या कुळकथेत मला ही घटना सर्वांत मोलाची वाटते. ग्रंथ टिकतो तो वाचणाऱ्यांनी तो आपला मानून पुढे दिला म्हणून. तंत्र जुनं की नवं, याचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो.

देशावर हे यंत्र रुजायला अडीचशे वर्षं लागली. पुणे दरबारातले इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या प्रोत्साहनाने नाना फडणविसांनी तांब्याच्या पत्र्यांवर गीता कोरून छापण्याचं काम हाती घेतलं. १८०० साली नाना गेले. पत्रे कोरणारा कारागीर मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि १८०५ साली गीता तिथे छापून झाली. त्याच वर्षी दूर बंगालमध्ये, श्रीरामपूरला, विल्यम कॅरी यांचं मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापलं गेलं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर १८३१ साली पंचांग छापलं आणि छापील पान मराठी घरांत शिरलं.

ते सहज शिरलं नाही. छापील कागद अपवित्र, कारण शाईत प्राण्यांची चरबी असते, असा सनातनी मंडळींचा आक्षेप होता. गणपत कृष्णाजींनी त्यावर उपाय काढला आणि तुपाची शाई केली. आणि आमच्या फडताळातल्या कोड्याचं उत्तरही इथेच आहे. धार्मिक ग्रंथ छापताना छापखान्यांनी पानं मुद्दाम आडवी आणि सुटी ठेवली. सोवळ्यात बसलेल्या माणसाला नवी वस्तू जुन्या हातवाऱ्यांनी वाचता यावी म्हणून. ई-रीडर करणाऱ्यांनी पडद्यावर पान ठेवलं, तेही ह्याच समजुतीने. नवी वस्तू घरात येताना जुन्या वस्तूचा पोशाख घालूनच येते.

पण आत शिरल्यावर तिने घर बदललं. १८५४ साली सावित्रीबाई फुल्यांचं ‘काव्यफुले’ छापून आलं, १८७३ साली जोतीरावांची ‘गुलामगिरी’ आणि १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’. ज्यांना पोथीला हात लावायची मुभा नव्हती, त्यांचे शब्द आता शेकडो प्रतींनी पसरत होते आणि एकेका प्रतीवर पहारा ठेवणं कुणाला शक्य नव्हतं. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी अरू यांनी तिथे कोरलेल्या अक्षरांनी देवनागरीला जी सुबकता दिली, तिच्यावर पुढच्या कित्येक पिढ्यांचे डोळे पोसले. एका जोडाक्षरासाठी वेगळा खिळा, रफारासाठी वेगळा, वेलांटीसह वेगळा. शेकडो घरांच्या पेटीतून जुळारी ते उचलून ओळ जुळवी, मग मुद्रितं तपासली जात आणि सोळा पानी फर्मे दुमडून, शिवून डेमी आकाराचं पुस्तक तयार होई. १८९३ साली ठाण्याचं आणि १८९८ साली मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. विकत घेणं परवडत नसलं तरी वाचता येईल, अशी ही सोय होती. एकाने वाचायचं, परत करायचं आणि दुसऱ्याने न्यायचं. माझ्या पिढीचं सगळं वाचन ह्या देवघेवीवर झालं.

संगणक आला तेव्हा मराठी पानाची पहिली काही वर्षं अडचणीत गेली. प्रत्येक कंपनीच्या फाँटची अंतर्गत रचना निराळी. पुण्यात जुळवलेला मजकूर नागपूरच्या संगणकावर उघडला, की अक्षरांऐवजी खुणांची रास दिसे. कुणाच्या मनात नसताना एक नवी सांकेतिक लिपी तयार झाली होती. युनिकोडने १९९१ साली देवनागरीला सर्वांना समान असे क्रमांक दिले आणि हळूहळू हा गुंता सुटला. चित्रकार आणि सुलेखनकार र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ फाँट विंडोजमधून घरोघरी पोहोचला. मराठीला रोज लागणाऱ्या ‘ॲ’ला मात्र स्वतःचा क्रमांक मिळायला २००८ साल उजाडलं.

दरम्यान पडद्यावर कागदाची नक्कल करण्याची खटपट चालू होती. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी १९९७ साली ई-इंक ही कंपनी काढली. केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्यांमध्ये काळे आणि पांढरे कण, दोघांवर विरुद्ध विद्युतभार. वीज जशी द्यावी तसे काळे किंवा पांढरे कण वर येतात. एकदा वर आले, की वीज बंद केली तरी तिथेच राहतात. म्हणून या यंत्राची बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते. हे पान स्वतः पेटत नाही, खोलीतल्या उजेडावर वाचलं जातं, म्हणून डोळ्यांना कागदासारखं वाटतं. २००४ साली सोनीने जपानमध्ये असं वाचनयंत्र आणलं, २००७ साली ॲमेझॉनचं किंडल आलं आणि डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तकं मिळू लागली.

मराठी वाचकाने या यंत्राचे उपकार मानावेत असं पुष्कळ आहे. परदेशातल्या मराठी माणसाला पुस्तक पुण्यात निघालं त्या दिवशी वाचता येतं. आईसारख्यांचं थांबलेलं वाचन पुन्हा सुरू होतं. फक्त एक गोष्ट विकत घेण्याआधी पाहावी. पुस्तक नुसतं पीडीएफ असेल, तर साडेपाच बाय साडेआठ इंचांचं डेमी पान सहा इंची पडद्यावर आक्रसून बसतं. अक्षर मोठं केलं तर ओळ पडद्याबाहेर जाते. अक्षराबरोबर ओळीही नव्याने मोडणारं ई-पुस्तक असेल, तरच यंत्राचा खरा उपयोग.

आणि एक गोष्ट त्याहून गंभीर आहे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेतल्या वाचकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या कादंबऱ्यांच्या काही प्रती परस्पर काढून टाकल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरं होतं आणि पैसेही परत मिळाले. पण वाचकाने विकत घेतलेलं पुस्तक त्याला न विचारता नाहीसं झालं. पोथीवरचा हरताळ दिसत तरी होता. हा लेप दुरून फासला गेला आणि मागे पिवळी खूणही उरली नाही. नक्कल करता येऊ नये म्हणून कुलूप लावलेलं ई-बुक घेताना आपण बहुधा वाचण्याची परवानगी विकत घेतो, पुस्तक नव्हे. ते शेजारणीला देता येत नाही, वाचनालयाला दान करता येत नाही, मुलांच्या वाट्याला ठेवता येत नाही.

म्हणून घरात हा प्रश्न निघाला, की मी आता एवढंच विचारतो: हे पुस्तक पुढे कुणाला द्यावंसं वाटेल का? एकदा वाचून संपणारी कादंबरी, प्रवासातलं वाचन, बारीक टायपातला जाडजूड ग्रंथ, थकलेल्या डोळ्यांसाठी काहीही, हे सगळं यंत्रावर खुशाल घ्यावं. ज्याच्या कडेला टिपणं करावीशी वाटतील, जे मुलीच्या हाती द्यावंसं वाटेल, ते कागदावर घ्यावं. आणि मराठी प्रकाशकांना माझी कळकळीची विनंती आहे, की ई-पुस्तकं कुलूप न लावता विका. वाचकावर विश्वास ठेवा. ‘क्रिस्तपुराण’ जगवलं ते वाचकांनीच.

आमच्या पोथीच्या शेवटच्या पानामागे कोऱ्या जागेत आजीने शाईने आपलं नाव आणि पोथी घेतली तो शक लिहिला आहे. आजीला लिहिता-वाचता येत होतं, याचा एवढ्या तीन शब्दांपुरताच पुरावा घरात उरला आहे. त्याखाली आईने बॉलपेनने स्वतःचं नाव लिहिलं. परवा श्रावणातला शेवटचा सोमवार होता. आईने पोथी वाचून संपवली, पानं सारखी केली, रुमालाची गाठ मारण्याआधी शेवटचं पान माझ्या मुलीसमोर धरलं आणि तिच्या हातात पेन दिलं.