रुक्का आणि गुदडी

२०१९ चा डिसेंबर. नागरिकत्व सुधारणा कायदा नुकताच मंजूर झाला होता आणि आमच्या मोहल्ल्यात घरोघरी कागद शोधणं सुरू होतं. शाळेचा दाखला, घरपट्टीची पावती, जुनं रेशनकार्ड. कुणाच्या नावात ‘शेख’ आधी, कुणाच्या नंतर. झेरॉक्सच्या दुकानात रांग लागलेली. आम्हीही अब्बांची लोखंडी ट्रंक खाली काढली.

दादा दर्जी होते. त्यांचे कागद सापडले: दुकानाच्या भाड्याच्या पावत्या, शिलाई मशीन घेतल्याची पावती. दादीच्या नावाचा मात्र एकही कागद ट्रंकेत नव्हता. ती शाळेत गेली नव्हती, तिच्या नावावर जमीन नव्हती, तिच्या जन्माची नोंद कुणी केली नव्हती. तळाशी, सगळ्या कागदांखाली, डांबराच्या गोळ्यांच्या वासाची तिची गुदडी होती. शेजारच्या काकू तिला वाकळ म्हणत, शाळेच्या पुस्तकात ती गोधडी होती. आमच्या घरात गुदडीच.

मी इतिहासाचा विद्यार्थी. त्या दिवशी मनात आलं ते एका शब्दावरून. अरबीत ‘रुक्आ’ म्हणजे तुकडा, कापडाला लावायचं ठिगळ. कागदाच्या तुकड्यालाही तोच शब्द. त्यातूनच आपला रुक्का आला, म्हणजे चिठ्ठी. हैदराबादकडे लग्नपत्रिकेलाही रुक्का म्हणतात. ठिगळांनी जोडलेलं वस्त्र ते ‘मुरक्का’. मोगल बादशहांच्या पदरी चित्रं आणि सुलेखनाचे नमुने एकत्र चिकटवून जे संग्रह बांधले जात, त्यांनाही मुरक्काच म्हणत. म्हणजे आम्ही ट्रंकेत शोधत होतो तो रुक्का, आणि हाताला लागला तोही रुक्काच. एकाला सरकारदरबारी किंमत, दुसऱ्याला नाही, एवढाच फरक.

आपल्या परंपरेत ठिगळाला कमीपणा नव्हता. हजरत उमर मदिनेत खलिफा असताना त्यांच्या सदऱ्यावर दोन खांद्यांच्या मधोमध एकावर एक तीन ठिगळं होती, अशी हजरत अनस यांची रिवायत इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त आहे. सूफींनी तर ठिगळांचा झगा हीच आपली खूण मानली. अकराव्या शतकात लाहोरमध्ये राहिलेले अली हुजवेरी, ज्यांना लोक दाता गंजबख्श म्हणतात, त्यांच्या ‘कश्फुल महजूब’ या फारसी ग्रंथात मुरक्क्यावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. तूसच्या शेख अबुल कासिम गुरगानींना त्यांनी विचारलं होतं की दरवेशाला किमान काय यायला हवं. शेखांनी तीन गोष्टी सांगितल्या. पहिलीच होती, ठिगळ नीट लावता येणं. हुजवेरींनी त्याचा अर्थ असा लावला की गरजेपोटी घातलेला टाका वाकडा पडला तरी तो नीटच, आणि दिखाव्यासाठी घातलेला सरळ असला तरी चुकलेलाच. मुरक्का मिरवून मान मिळवणारे तेव्हाही होते, त्यांच्यावर त्यांनी कडक लिहिलं आहे.

हा धागा एकट्या मुसलमानांचा नाही. बौद्ध भिक्खूंचं चीवर टाकून दिलेल्या चिंध्या जोडून शिवण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी. पण या सगळ्यात एक गोष्ट मला खटकते. पुरुषाने ठिगळं पांघरली तर त्यावर ग्रंथ लिहिला गेला. बायकांनी शतकानुशतकं तीच ठिगळं जोडून घराला ऊब दिली, त्याला ‘रिकामा उद्योग’ म्हटलं गेलं.

तो उद्योग रिकामा नव्हता, त्यामागे हिशोब होता. दुकानात कापड बेतल्यावर उरतं ते कातरण वेडंवाकडं असतं: बगलेचा गोल तुकडा, गळ्याची चंद्रकोर, तिरक्या पट्ट्या. त्यातून सरळ निघतो तो लहान चौकोनच. दादी चार बोटांचं माप धरायची. खाली जुनं लुगडं, मध्ये विरलेली चादर, वर चौकोन. जमिनीवर अंथरून कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा ठेवायचा आणि धावदोरा घालत जायचं. टाके इतके जवळजवळ का? तर जुन्या कापडात ताकद नसते. ओढ हजार टाक्यांत वाटली गेली की एकाच जागी फाटत नाही. आणि फाटलंच, तर तेवढा एक चौकोन बदलायचा. म्हणून गुदडी माणसापेक्षा जास्त टिकते.

हीच विद्या मी पुढे आणखी एका ठिकाणी पाहिली. सिद्दी म्हटलं की आपल्याला जंजिरा आठवतो, किंवा इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला आणि निजामशाहीचा वजीर झालेला मलिक अंबर. १६२६ मध्ये तो वारला, त्याची कबर खुलताबादला आहे. पण सह्याद्री उतरून दक्षिणेला गेलं की हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलात दुसरे सिद्दी भेटतात. त्यांच्या पूर्वजांपैकी बऱ्याच जणांना पोर्तुगिजांनी पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं. काही पळाले, काही सुटले, आणि घाटातल्या रानात येऊन राहिले. त्यांच्या कोकणी बोलीत मराठी आणि कानडी मिसळलेली. कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती, कुणी हिंदू. यांच्याकडे किल्ला नाही, फर्मान नाही, बखर नाही. यांच्या बायकांकडे कवंदी आहे.

कवंदी म्हणजे त्यांची गोधडी. जुन्या साडीवर एका कडेपासून तुकडे लावायला घ्यायचे, कडा आत दुमडत, धावदोऱ्याने चारी बाजूंनी फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं. आधी आखणी नसते, हाताला येईल तो तुकडा पुढचा. शेवटी चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची छोटी त्रिकोणी ‘फुलं’ लावतात. त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. मुसलमान घरातल्या कवंदीत कधी चंद्रकोर दिसते, ख्रिस्ती घरातल्या कवंदीत क्रूस. बाकी टाका सगळ्यांचा एकच.

आपण मराठी मुसलमान आपला इतिहास सांगायला बसलो की मलिक अंबर सांगतो, आदिलशाही सांगतो. ते सांगायलाच हवं. पण आपल्यातले बहुतेक जण वजिरांचे वंशज नाहीत. आपण पिंजारी, दर्जी, बागवान, मोमीन, आतार. आपला इतिहास कातरणात आहे, आणि तो वाचायची सवय आपण लावून घेतलेली नाही.

त्या डिसेंबरात मी प्रथमच दादीची गुदडी वाचली. उन्हात पसरली आणि चौकोन मोजले. बावीस ओळी, ओळीत सोळा, म्हणजे ३५२. अम्मी चष्मा लावून शेजारी बसली. हा खाकी हवालदाराच्या वर्दीचा. हा निळा नगरपालिकेच्या शाळेच्या गणवेशाचा, जूनमध्ये दादा रात्रभर तेच शिवायचे. हा इरकली काठ शेजारच्या काकूंच्या लुगड्याचा, हा खण त्यांच्याच चोळीचा. ही माझ्या वलीम्याची ओढणी. मी वहीत लिहीत गेलो.

एका कोपऱ्यात पिवळ्या ठिपक्यांचा चौकोन होता. अम्मीचं बोट तिथे थांबलं. म्हणाली, “ये तेरे बडे भाई का झबला.”

माझ्या आधी एक मूल गेलं होतं, एवढंच मला ठाऊक होतं. मुलगा की मुलगी, हेही मी कधी विचारलं नव्हतं. तो चाळीस दिवस जगला. जन्माची नोंद व्हायच्या आत गेला, म्हणून मृत्यूचीही झाली नाही. जगातल्या कुठल्याच कागदावर तो नाही. दादीने त्याच्या झबल्यातून चार बोटांचा एक चौकोन कापून ठेवला, सुनेला न विचारता, न सांगता. अम्मीला तो गुदडी पुरी झाल्यावर दिसला होता. दोघी त्यावर कधीच बोलल्या नाहीत.

त्या दिवशी ४१ चौकोन ओळखीचे निघाले. अम्मीची नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही, त्यामुळे उरलेल्या ३११ पैकी किती निघतील, सांगता येत नाही. तुमच्या घरातही माळ्यावर, ट्रंकेत एखादी वाकळ असेल. या हिवाळ्यात ती उन्हात टाका, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवा आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारा, हा कुणाचा? वही जवळ ठेवा.