ल्हासाच्या वाटेवरचे टपाल

* यंगहजबंडच्या तिबेट मोहिमेचे (१९०३-०४) टपाल रेल्वेने सिलिगुडीपर्यंत येई. तिथून पुढे सिक्कीममधून सुमारे १४,४०० फूट उंचीची जेलेप ला ही खिंड, चुंबी खोरे, फारी, मग तांग ला आणि ग्यान्त्से. हिवाळ्यात तुनाच्या तळावर बंदुकांमधले तेल गोठे. अशा थंडीत बर्फ तुडवीत पिशव्या पुढे सरकत. तारायंत्र ग्यान्त्सेपर्यंतच पोचले होते. ल्हासाहून निघालेला मजकूर १६,००० फुटांहून उंच कारो ला ओलांडून घोडेस्वारच तिथवर आणत. मोहिमेच्या इतिहासांत सेनाधिकाऱ्यांची नावे ठळक आहेत; ओझी वाहणाऱ्या नेपाळी, भुतिया, लेपचा हमालांची जवळजवळ नाहीत. ही उणीव गंभीर आहे. पत्रांवरील तारखा वाचताना वाचकांनी ही चढण ध्यानात घ्यावी. — संपादक