चालू होत नाही, म्हणजे नेमकं काय?

कोल्हापुरात यंत्राची तक्रार दोन प्रकारे सांगतात. 'बंद पडलंय' आणि 'चालूच होईना झालंय'. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं, पण मेस्त्रीला त्यातून दोन वेगळ्या गोष्टी कळतात. बंद पडलं म्हणजे आत्तापर्यंत चालत होतं. चालता चालता काहीतरी संपलं, तापलं किंवा तुटलं. चालूच होईना म्हणजे सुरुवातीच्याच कुठल्यातरी पायरीवर अडलंय.

लॅपटॉपच्या बाबतीत आपण तिसराच शब्द वापरतो. बटण दाबलं, स्क्रीन काळी राहिली, की लगेच 'लॅपटॉप गेला राव'. 'गेला' हा शब्द आपण माणसांसाठी वापरतो, आणि तो उच्चारल्यावर तपासायला काही उरत नाही. मला या शब्दाशी भांडायचंय. त्यासाठी लॅपटॉपच्या बरंच मागे, ऑईल इंजिनापर्यंत जावं लागेल.

माझ्या आजोळी नदीकाठच्या मळ्यात पाण्यासाठी ऑईल इंजिन होतं. ते सुरू करणं हा एक कार्यक्रमच असायचा. एकाने हँडल मारायचं, दुसऱ्याने वरची डिकम्प्रेशनची कळ धरायची. जड फ्लायव्हीलने वेग घेतला की कळ सोडायची, मग धाड-धाड आवाज आणि काळा धूर. लहानपणी मला प्रश्न पडायचा की एवढं दांडगं यंत्र, विहीर उपसून काढतं, मग त्याला सुरू व्हायला माणसाचा दंड कशाला लागतो?

उत्तर त्याच्या रचनेतच आहे. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये जर्मनीत जे इंजिन यशस्वी करून दाखवलं, त्यात ठिणगी टाकणारा प्लग नव्हता. हवा इतकी दाबायची की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटतं. पण हवा दाबायला पिस्टन हलला पाहिजे, आणि पिस्टन हलायला इंधन पेटलं पाहिजे. इंजिन चालायला इंजिन आधीच चालू असावं लागतं! हा पेच पहिल्या काही फेऱ्यांपुरता बाहेरच्या कुणीतरी सोडवायचा. तेच ते हँडल.

या पेचावर कोल्हापूरच्या कितीतरी माणसांचं पोट चाललं. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली. इकडे कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मेस्त्र्यांनी पाण्याची आणि गुऱ्हाळाची इंजिनं दुरुस्त करता करता स्वतः इंजिनं बनवली. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं आजही तिथे आदराने घेतली जातात. गुऱ्हाळावर इंजिन अडलं तर थांबायला वेळ नसायचा. तोडलेला ऊस वाळत जातो, रसाचा उतारा घटतो. त्यामुळे मेस्त्रीचे प्रश्न ठरलेले असत, आणि त्यांचा क्रमही. डिझेल येतंय का? पाईपमध्ये हवा धरलीय का? नोझल फवारा मारतंय का? हँडल फिरवताना दाब हाताला जाणवतो का? यातला एकही प्रश्न 'इंजिन गेलं का?' असा नाही. प्रत्येक प्रश्न साखळीतल्या एका कडीचा आहे.

आता लॅपटॉपकडे येऊ. त्याचाही पेच हाच आहे. कॉम्प्युटरला काहीही करायचं तर प्रोग्रॅम लागतो. प्रोग्रॅम डिस्कवर असतो. डिस्कवरून तो वाचून मेमरीत आणायचा, तर त्यासाठीही प्रोग्रॅम लागतो. तो कुठून आणायचा? इंग्रजीत बुटाच्या मागच्या पट्टीला बूटस्ट्रॅप म्हणतात. स्वतःच्या बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःलाच उचलणं ही तिकडे अशक्य गोष्टीची थट्टा होती. १९५० च्या दशकात कॉम्प्युटरवाल्यांनी ती थट्टाच आपल्या कामाला नाव म्हणून घेतली. आपण 'बूट होत नाही' म्हणतो, तो बूट हाच.

सुरुवातीच्या काळात या कामालाही माणसाचं हँडल होतं. १९७५ साली अमेरिकेत अल्टेअर ८८०० नावाचा छोटा कॉम्प्युटर आला. त्याला ना स्क्रीन, ना कीबोर्ड. पुढच्या बाजूला फक्त खटके आणि दिवे. चालू केला की त्याला काहीच आठवत नसे. खटके वर-खाली करून पहिल्या सूचना हाताने भरायच्या, त्या सूचनांनी कागदी पट्टीवरचा मोठा प्रोग्रॅम वाचायचा, मग पुढचं सगळं. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी या मशीनसाठी बेसिक ही भाषा लिहिली. ॲलन ती दाखवायला विमानाने अल्बुकर्कीला निघाला आणि वाटेत त्याच्या लक्षात आलं, की पट्टी वाचणारा तो पहिला छोटा प्रोग्रॅम लिहायचा राहिलाय. त्याने तो विमानातच कागदावर लिहिला. दुसऱ्या दिवशी खटके दाबून भरला आणि मशीन चालू झालं. पुढे जगभर पसरलेल्या मायक्रोसॉफ्टची सुरुवात अशी हँडल मारून झाली.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला तेव्हा हे हँडल एका चिपमध्ये गेलं होतं. त्या चिपमधला प्रोग्रॅम म्हणजे बायॉस. वीज आली की प्रोसेसर कसलाही विचार न करता एका ठरलेल्या पत्त्यावर जातो. तेव्हाच्या प्रोसेसरला १ एमबीपर्यंतची मेमरी दिसायची, आणि हा पत्ता तिच्या टोकाला, शेवटचे १६ बाईट उरलेले असताना होता. एवढ्याशा जागेत फक्त 'अमुक ठिकाणी उडी मार' एवढंच लिहिता येतं. तिथून बायॉस सुरू होतो, मेमरी आणि कीबोर्ड तपासतो, आणि सगळं ठीक असेल तर एक छोटी 'टीं' वाजवतो. मग डिस्कचा पहिला ५१२ बाईटचा तुकडा उचलतो. तो तुकडा त्याच्याहून मोठ्याला उठवतो, आणि तो मोठा विंडोज किंवा लिनक्सला.

आजच्या लॅपटॉपमध्ये बायॉसच्या जागी यूईएफआय आलंय, ५१२ बाईटची अडचण गेलीय, बहुतेक ठिकाणी ती 'टीं'ही गेलीय. साखळी मात्र तीच आहे. वीज, प्रोसेसर, बायॉस, मेमरी, स्क्रीन, डिस्क, विंडोज. बटण दाबल्यापासून पासवर्ड विचारेपर्यंतच्या काही सेकंदांत एवढ्या जणांनी हातातून हात दिलेला असतो. एकाने हात सोडला तरी समोरून दिसतं ते एकच, काळा पडदा. म्हणून आपल्याला वाटतं सगळंच गेलं.

ही साखळी नाजूक आहे हे वाईट हेतूच्या लोकांनाही लवकर कळलं. १९८६ मध्ये लाहोरमधल्या दोन भावांनी लिहिलेला ब्रेन हा व्हायरस फ्लॉपीच्या त्या पहिल्याच तुकड्यात जाऊन बसायचा, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना सर्वांत आधी तोच उठायचा. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच नावाच्या व्हायरसने त्याहून खालचा घाव घातला. तो डिस्कची सुरुवात पुसायचाच, शिवाय काही मशीनवर बायॉसची चिपही खराब करायचा. असा कॉम्प्युटर वीज घ्यायचा, पंखा फिरवायचा आणि तसाच बसून राहायचा. बाकी सगळे भाग धडधाकट, फक्त उठायचं कसं हे विसरलेला.

आणि १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राईक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. चालू व्हायची, अडकायची, पुन्हा चालू व्हायची. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्याचे फोटो तुम्ही फोनवर पाहिले असतील. या ८५ लाखांपैकी 'गेलेलं' कुणीच नव्हतं. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल काढायची होती. पण एकेका मशीनपाशी जाऊन हाताने काढायची होती, म्हणून दिवसच्या दिवस गेले.

एकेका मशीनपाशी जाऊन हाताने, हे कोल्हापूरला नवीन नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद होता. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, रमणमळा इथल्या दुकानांत आणि घरांत दिवसेंदिवस पाणी होतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तसाच पूर आला. पाणी ओसरलं की आधी माणसं, मग जनावरं, मग धान्य, आणि मग हळूच एक पिशवी बाहेर निघायची. तिच्यात गाळाने भरलेला लॅपटॉप.

पुरानंतर मी एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे बराच वेळ बसून असायचो. तिथे एक मुलगी आली होती. पीएचडीची चार वर्षं त्या लॅपटॉपमध्ये होती. दुसरीकडे कुणीतरी तिला सांगितलं होतं, गेला, नवीन घे. या पोराने तिला पहिला प्रश्न विचारला, "ताई, पाण्यातनं काढल्यावर बटण दाबलंत का?" ती नाही म्हणाली. तो म्हणाला, "मग बघू की. रडताय कशाला?"

हा प्रश्न उगाच नव्हता. लॅपटॉप निव्वळ पाण्याने लगेच मरत नाही. पुराच्या पाण्यात क्षार आणि घाण असते. त्यातून वीज गेली की तांब्याच्या बारीक रेषा झपाट्याने खायला लागतात. म्हणून भिजलेलं मशीन चालू करून बघायचं नसतं. तांदळाच्या डब्यात ठेवूनही उपयोग नाही, कारण तांदूळ गाळ आणि क्षार बाहेर काढत नाही. त्याने आधी बॅटरी सोडवली. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने धुतला, वाळवला. बोर्ड शेवटपर्यंत उठला नाही. मग त्याने आतली एसएसडी काढली, साफ केली, एका छोट्या डबीत घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. फोल्डर उघडले. लॅपटॉप खरोखर गेला होता. चार वर्षं गेली नव्हती.

हा फरक समजायला यंत्र उघडावं लागतं, आणि उघडून बघणं ही या गावची जुनी खोड आहे. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आल्यावर कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर या भावांना सिनेमाने झपाटलं. जुना प्रोजेक्टर मिळवून, त्याची रचना समजून घेत ते स्वतःचा कॅमेरा बनवायला लागले. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या मदतीने १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला, आणि १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. प्रोजेक्टर उघडून कॅमेरा शिकता आला, कारण प्रोजेक्टर उघडत होता.

आजचे पातळ लॅपटॉप तसे उघडत नाहीत. कितीतरी मॉडेलमध्ये रॅम बोर्डलाच झाळलेली असते, काहींत एसएसडीसुद्धा. बॅटरी चिकटवलेली. दुरुस्तीचा हक्क हा विषय सरकारपर्यंत पोचला आणि २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने त्यासाठी एक पोर्टलही काढलं. पण आता कुलूप स्क्रूवर नाही, आत लागलंय. नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये डिस्क बऱ्याचदा आपोआप कूटबद्ध होते. चोरापासून ते तुमचं रक्षण करतं. पण उद्या बोर्ड जळला, तर त्या मुलीची एसएसडी ज्याने वाचवली त्याच्याही हातात नुसता धातूचा तुकडा राहील. किल्ली नसेल तर त्याचं कौशल्य चालत नाही. २०२४ च्या त्या जुलैतही कित्येक ठिकाणी लोक अडले ते या ४८ आकडी किल्लीपाशीच.

तेव्हा दोन कामं सांगतो. पहिलं आत्ताच, लॅपटॉप चालू असताना करायचं. सेटिंगमध्ये जाऊन बिटलॉकर किंवा डिव्हाईस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. असेल तर रिकव्हरी की शोधा आणि कागदावर लिहून घरात ठेवा. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत दुसरीकडे ठेवा.

दुसरं, न भिजलेला लॅपटॉप कधी चालू झाला नाही तर करायचं. घाई नको, क्रम धरा. दुसरा चार्जर लावून बघा, दिवा लागतो का. नाही लागला तर चार्जर काढा, बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग पुन्हा जोडा. दिवा लागतो पण स्क्रीन काळी आहे? अंधारात टॉर्च तिरका धरून पुसट चित्र दिसतं का बघा, किंवा टीव्हीला जोडा. कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतोय? मोजा, ती जुन्या 'टीं'चीच मुकी भाषा आहे. आकडा मॉडेलच्या नावासोबत शोधा. कंपनीचं चिन्ह दिसतं पण पुढे जात नाही? म्हणजे बायॉस जागा आहे, अडचण बहुधा डिस्कची किंवा विंडोजची.

एवढं करूनही कदाचित तुम्हाला दुकानात जावंच लागेल. पण मग काउंटरवर 'गेला' म्हणू नका. कुठवर येतो आणि कुठे थांबतो ते सांगा. समोरचा माणूस खरा मेस्त्री असेल तर तो मान वर करून तुमच्याकडे नीट बघेल, आणि निम्मं काम तिथेच झालेलं असेल.